वर राहिलेली बांगडी

सरांना मी खुर्चीवर बसलेलं क्वचितच पाहिलं. ऑफिस त्यांचं, संगणक त्यांचा, काम त्यांचं, पण तिथली एकुलती एक चाकांची खुर्ची माझी होती. मी तिच्यावर अंग चोरून बसायचे आणि सर खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारायचे. जायला सात पावलं, यायला सात. सातव्या पावलाला गर्रकन वळायचे. चहासुद्धा असाच. कप टेबलाच्या एका ठरलेल्या कोपऱ्यावर ठेवायचा, हँडल दाराच्या बाजूला. चौथ्या पावलाला टेबल आलं की उचलायचे, एक घोट घ्यायचे, ठेवायचे आणि पुढे. चहा संपायला अर्धा तास लागायचा आणि शेवटचा घोट कायम गार.

खाली जीन्स शिवायचा कारखाना होता. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये असे कारखाने गल्लोगल्ली आहेत. मशीनी सुरू झाल्या की आमची फरशी पायाखाली थरथरायची, कपातल्या चहावर वर्तुळं उठायची. सर म्हणायचे, खोलीच थांबत नाही तर मी कशाला थांबू. आता त्या खोलीत चेनी आणि बटणांचे खोके भरलेत. मागे त्या बाजूला गेले होते तेव्हा जिन्यातून वर बघितलं आणि परत फिरले. सर बदलापूरचं घर सोडून बहिणीकडे राहायला गेले, एवढंच मला माहीत आहे.

बिघडलेल्या वेबसाइट दुरुस्त करणं हे त्यांचं काम. नवीन वेबसाइट बनवून द्या म्हणून कोणी आलं तर हात जोडायचे. म्हणायचे, हा दवाखाना आहे, प्रसूतिगृह नाही, मी फक्त ताप उतरवतो. त्यातही जावास्क्रिप्टचे आणि जेक्वेरीचे ताप. बटण दाबलं तरी काही होत नाही, चित्र सरकत नाही, फॉर्म भरला तरी पुढे जात नाही, असली दुखणी. जेक्वेरी म्हणजे वेबसाइट हलती-बोलती करायची एक जुनी पद्धत, असं मला सरांनी सांगितलं होतं. नवीन शिकून आलेले लोक तिला नाकं मुरडायचे. सर म्हणायचे, म्हातारी झाली म्हणून आजारी पडायची थांबते का?

मला ठेवलं होतं झाडू-पोछा, चहा आणि पाण्यासाठी. मी अंबरनाथ पूर्वेहून शेअर रिक्षाने यायचे. माझी शाळा चौथीपर्यंत. आमचं गाव वांगणीच्या आत, तिथली शाळा चौथीला संपायची. पाचवीला नदीपलीकडे जावं लागायचं आणि मुलीला कोण पाठवणार. शाळेपेक्षा मोठी अडचण माझ्या तोंडाची. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. रेशनच्या रांगेत पुढच्या बाईला मी सांगते, माझं पण तूच सांग. सरांशीही मी कुजबुजल्यासारखंच बोलायचे. त्यांनी कधी मोठ्याने बोला म्हटलं नाही. उलट जरा जास्तच मान द्यायचे. मला तुम्ही म्हणायचे, ताई म्हणायचे. सकाळी मी दारात आले की पहिला प्रश्न ठरलेला.

“ताई, गुडघे कसे आहेत?”

मी म्हणायचे, बरे आहेत. हा प्रश्न ते रोज विचारायचे. पिण्याच्या पाण्याचा मोठा जार खालून यायचा तर तो मला उचलू द्यायचे नाहीत. स्वतः खांद्यावर टाकून भिंतीला कोपर घासत वर आणायचे. एकदा मी पुढे झाले तर म्हणाले, या वयात नको. मला वाटलं स्वतःच्या वयाबद्दल बोलतायत. पन्नाशीच्या पुढचे होते ते. पण मग स्वतःच कशाला उचलतात? वेडे आहेत, असं मी मनात म्हटलं आणि सोडून दिलं. त्यांच्या पुष्कळ गोष्टी मी अशाच सोडून दिल्या होत्या.

कुठलीही गोष्ट ते करून दाखवल्याशिवाय राहायचे नाहीत. बदलापूरच्या एका क्लासवाल्याची वेबसाइट होती. पान उघडलं की वरची पाटी सरकायला हवी, ती सरकायची नाही. क्लासवाला समोर येऊन बसला, म्हणाला, पाटी आहे, सरकवायची आज्ञा आहे, मग अडलं कुठे? सर त्याला घेऊन खाली रस्त्यावर गेले. कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याची टपरी, बंद. सरांनी तिथे उभं राहून मोठ्याने हाक मारली, “भैया, कपडे घेऊन जा.” रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले. क्लासवाला म्हणाला, अहो, तो आलाच नाहीये अजून. सर म्हणाले, थांबा. अर्धा तास त्याला उन्हात उभं केलं. इस्त्रीवाला आला, टपरी उघडली, तेव्हा परत हाक मारली आणि तो आला. मग सर म्हणाले, “तुमची आज्ञा साडेनऊला हाक मारते आणि पाटी दहाला येते. आधी माणूस येऊ द्या, मग हाक मारा.” वर येऊन दोन ओळींत काम केलं. अर्धा तास उन्हात गेला त्याचं काय, असं क्लासवाल्याच्या चेहऱ्यावर होतं. मी खिडकीतून सगळं बघत होते. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याला समजतंय.

दुसरी गोष्ट डब्यांची. अंबरनाथमध्ये एक बाई घरगुती डबे द्यायच्या. त्यांच्या पानावर गिऱ्हाइकाने दोन पोळ्या मागितल्या आणि वर एक जादा मागितली की एकवीस पोळ्या दिसायच्या. सर फेऱ्या मारत सांगत होते की मशीनला हे आकडे वाटतच नाहीत, अक्षरं वाटतात. दोनच्या शेजारी एक मांडला, झालं काम. ते सांगकाम्या आहे, बेरीज कर असं सांगितलंच नाही त्याला. मला हसू आलं. चौथी शिकलेली बाई दोन आणि एक तीन सांगेल आणि एवढं महागाचं मशीन एकवीस सांगतं. माझं हसू तोंडातून बाहेर पडलं. सर तिसऱ्या पावलावरच थांबले. ते असे मधे कधी थांबायचे नाहीत. म्हणाले, “ताई, तुम्हाला वाचता येतं?”

मी सांगितलं, मराठी येतं. इंग्रजी ए बी सी डी मुलीच्या तक्त्यावरून येते. ते म्हणाले, मग बसा खुर्चीवर आणि समोर काय दिसतं ते सांगा.

असं ते सुरू झालं. मी एकेक अक्षर वाचायचे, सर शब्द जुळवायचे. अक्षरं जमली, पण चिन्हांना नावं कुठून आणायची? मला दिसलं तसं मी सांगत गेले. काठीला विळखा घातलेला एस दिसायचा त्याला मी साप म्हटलं. गोल कंस म्हणजे कोर, चंद्राची. टिंबाखाली स्वल्पविराम आला की टिंब-शेपूट. आणि मधे आत गेलेला तो नागमोडी कंस, त्याला मी कंबर म्हटलं. सर हसले नाहीत. त्यांनी ती नावं तशीच घेतली, इतकी की बाहेरच्या लोकांशीही तीच वापरायला लागले. एकदा पुण्याच्या कोणा मुलीला फोनवर गंभीरपणे म्हणाले, “मॅडम, सतराव्या ओळीपासून तुमची कंबर उघडी राहिली आहे.” तिने फोन ठेवला. मी शरमेने अर्धमेली झाले. दोन दिवसांनी तिचाच परत फोन आला, सापडली म्हणाली.

कंबर उघडली की कुठेतरी ती मिटायला हवी. उघडलेल्या कंबरेच्या आत दुसरी उघडते, तिच्या आत तिसरी. वाचता वाचता माझा हिशेब चुकायचा. म्हणून मी बांगड्यांवर मोजायला लागले. उजव्या हातात सहा काचेच्या बांगड्या होत्या. कंबर उघडली की एक बांगडी कोपराकडे वर सरकवायची, मिटली की खाली सोडायची. खाली पडताना ती दुसऱ्या बांगड्यांवर वाजायची, टिण. पान संपलं आणि सगळ्या बांगड्या मनगटाशी आल्या तर ठीक. एखादी वर राहिली तर कुठेतरी काहीतरी उघडं आहे. सरांना ते इतकं आवडलं की काही दिवसांनी ते माझ्या वाचण्याकडे कमी आणि बांगड्यांकडे जास्त कान द्यायचे. मी काही बोलायच्या आधीच म्हणायचे, “एक वर राहिली, ताई.”

येणारी-जाणारी माणसं बघून जायची की सर पडद्याकडे बघतही नाहीत, पाठ करून फिरतात, बाई काहीतरी पुटपुटते आणि हे नेमकी चूक सांगतात. सर त्यांना सांगायचे, “चूक ओरडते एकीकडे आणि बसलेली असते दुसरीकडे. बघत बसलं की माणूस ओरडण्याकडेच बघतो.” लोकांना हे फार मोठं वाटायचं. मलाही वाटायचं, एके दिवशी बादली आडवी येईपर्यंत.

मी पोछा मारत होते आणि बादली त्यांच्या पाचव्या पावलाच्या जागी ठेवून फडकं पिळायला गेले. लाल बादली, भर दुपार. सर सरळ तिच्यावर चालत गेले आणि पडले. पाणी सगळीकडे. मी धावले तर ते जमिनीवर हात फिरवत होते, चष्मा शोधत. चष्मा त्यांच्या गुडघ्याशेजारी पडला होता. मी तो उचलून त्यांच्या हातात दिला. मग कपाचं हँडल, सात पावलं, भिंतीला घासणारं कोपर, सगळं एका क्षणात माझ्यापुढे आलं.

काचबिंदू होता. बाजूचं सगळं गेलं होतं, समोरचं नळीतून दिसावं तेवढं उरलं होतं आणि त्या नळीतही धुकं. दिवसातून दोनदा मान वर करून डोळ्यांत थेंब घालायचे, तेही चालता चालता. मला म्हणाले, कोणाला सांगू नका ताई. आंधळ्या माणसाकडे घड्याळ दुरुस्तीला कोण देतं? मी मान हलवली. मग लक्षात आलं की मान हलवून उपयोग नाही, म्हणून हळूच हो म्हटलं.

पडदा वाचून दाखवणारं एक मशीन त्यांच्या संगणकात होतं. एकदा त्यांनी ते लावलंही. एक परदेशी बाई भरभर बोलायला लागली, श्वास न घेता. पाच मिनिटांत खालचा मास्टर टेलर जिन्यात येऊन विचारायला लागला की ऊपर कौन मॅडम आयी है. सरांनी ते जे बंद केलं ते केलंच. मी होते ना. दार लावून घ्यायचं, मी कुजबुजायचं, बांगड्या वाजायच्या. घरी नवरा विचारायचा, दिवसभर तिथे काय करतेस. मी सांगायचे, वाचते. तो हसायचा.

वाचून घेतलेलं सर विसरायचे नाहीत. प्रत्येक गिऱ्हाइकाचं पान त्यांना तोंडपाठ असायचं, ओळीच्या आकड्यासकट. रिक्षात म्हणे मनातल्या मनात म्हणत बसायचे. फक्त टाइप करायला खुर्चीवर बसायचे, तेव्हा मी उठायचे. दोन बोटांनी कळांवरचे उंचवटे चाचपायचे आणि मग असे भराभर चालवायचे की बघत राहावं. ओळ संपली की एंटर इतक्या जोरात मारायचे की टाळी दिल्यासारखं वाटायचं.

त्यांचं सगळ्यात मोठं आणि शेवटी शेवटी जवळजवळ एकुलतं गिऱ्हाईक म्हणजे पापडवाले शेठ. कॅम्पमध्येच त्यांचा कारखाना. इंदूर, रायपूरकडून वेबसाइटवर ऑर्डरी यायच्या. शेठ सिंधी, तोंडाने फटकळ, सरांना मास्टर म्हणायचे. एका दुपारी ते स्वतः जिना चढून आले. सोबत त्यांची सून. ती पुण्यात संगणकाचं शिकून आली होती, मराठी स्वच्छ बोलायची, आणि सगळी वेबसाइट नव्याने करायची असं तिच्या मनात होतं हे आम्हाला आधीच कळलं होतं.

शेठ माझ्या खुर्चीत बसले. म्हणाले, “मास्टर, ये क्या लफडा है? आदमी एक पाकीट मांगता है, तीन जाता है. कोई दो, कोई पांच. मैं पापड बेचता हूं कि बांटता हूं?”

सुनेने सांगितलं की सगळ्या गिऱ्हाइकांना एकदम माफीचा संदेश पाठवायचा आहे, तो इथूनच लिहिते. तिने आमच्या संगणकावर ती संदेशाची चौकट उघडून दोन ओळी लिहिल्या आणि शेठना वाचून दाखवल्या. शेठ म्हणाले, रुक, पहले मास्टर को देखने दे, फिर भेजना. एंटर मारलं की तो संदेश सगळीकडे जाणार होता. तिने ती चौकट तशीच मागे ठेवली आणि पापडाचं पान पुढे आणलं.

मग शेठ खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, आज हमारे सामने करो. बहू को भी सीखने मिलेगा.

सर फेऱ्या मारायला लागले. नेहमीपेक्षा भराभर. समोर दोन माणसं, दार उघडं, मी वाचू शकत नव्हते. वाचलं तर का वाचते हे कळलं असतं. नाही वाचलं तर पान सरांपर्यंत पोचणार नव्हतं आणि हे काम गेलं असतं तर खोली चालणार नव्हती. खिडकीपाशी वळताना सर म्हणाले, “ताई, टेबल पुसून घ्या जरा.”

मी फडकं घेऊन पडद्यासमोर उभी राहिले. सरांनी पान तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली, जसं त्यांना आठवत होतं तसं. माउसवर एक हात ठेवून मी ते ओळीओळीने सरकवत होते आणि दुसऱ्या हाताने पुसत होते. शेठना वाटलं मास्टर त्यांच्या तऱ्हेने बडबडतायत. सर म्हणाले, गिऱ्हाईक पाकिटावर बोट ठेवतं, किती हवीत विचारणारी छोटी चौकट उघडते, इथे कंबर उघडली. मी बांगडी वर सरकवली. सर म्हणाले, चौकट उघडून झाली, कंबर मिटली. मी बांगडी सोडली नाही. पडद्यावर ती मिटलीच नव्हती.

सर पाचव्या पावलावर थांबले.

“पुन्हा,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, आणि तीच ओळ परत म्हटली. कंबर मिटली. मी बांगडी धरून ठेवली. खाली मशीनी धडधडत होत्या, पण त्या खोलीत जी टिण व्हायला हवी होती ती झाली नाही. मग सरांनी पुढची ओळ म्हटली, ऑर्डरचं बटण दाबलं की काय करायचं ती. कंबर उघडली. मी दुसरी बांगडी वर चढवली, पहिली वर असतानाच.

त्यांचा चेहरा मोकळा झाला. मी तो चेहरा ओळखायचे. ते शेठकडे वळून म्हणाले, “शेठ, दाराला एक घंटा असते. तुमच्या पानावर गिऱ्हाईक ती छोटी चौकट जितक्या वेळा उघडतं, तितक्या वेळा त्याच दाराला नवीन घंटा बांधली जाते. मग ऑर्डरचं बटण एकदाच दाबलं तरी सगळ्या घंटा वाजतात. ज्याने एकदा उघडून लगेच घेतलं त्याला एक पाकीट. ज्याने तीनदा उघडून, बंद करून, बायकोला विचारून घेतलं त्याला तीन. घंटा बांधायची ओळ चौकटीच्या बाहेर हवी. ती आत गेली आहे.”

शेठ मोठ्याने हसले. “मतलब जो ज्यादा सोचता है, उसको ज्यादा पापड.”

सून हसली नाही. ती खिडकीशी उभी राहून हातातल्या फोनकडे बघत होती. सर म्हणाले, अशी चूक कोणाच्याही हातून होते, माझ्याही झाली आहे. ती ओळ गेल्या महिन्यात आत कोणी टाकली हे त्यांनी विचारलं नाही. मग सून म्हणाली, “सर, आत्ताच ठीक करा ना. मला बघायचंय.”

शेठ उठले, सर खुर्चीवर बसले. बोटांनी उंचवटे चाचपले आणि चालू झाले. आधीच्या सगळ्या घंटा सोडायच्या आणि मग एकच बांधायची, अशी ती ओळ. सुटल्यासारखं होऊन मी बांगड्या खाली सोडल्या आणि फडकं आवरायला वाकले, आणि पडद्यावर नजर गेली.

पडद्यावर पापडाचं पान नव्हतं. पुसताना माझ्या फडक्याने माउस ओढला गेला होता, बोट दाबलं गेलं होतं, आणि मागची संदेशाची चौकट पुढे आली होती. सुनेने लिहिलेल्या माफीच्या दोन ओळींखाली साप उमटला, कोर उमटली, अक्षरं उमटत गेली. सरांची बोटं पळत होती. डोळे पडद्यावर होते आणि त्यांना काहीच दिसत नव्हतं. ओळ संपत आली होती. टिंब-शेपूट आलं की एंटर. इंदूर, रायपूर, सगळीकडे ते जाणार होतं, आणि सगळ्यांना कळणार होतं की मास्टरने हे बघितलंच नाही.

बोलले तर सरांचं गुपित उघडं पडणार होतं. नाही बोलले तरी पडणार होतं, वर शेठचं नाव जाणार होतं. हे मी आत्ता लिहिताना सांगते आहे. तेव्हा असला काही विचार झाला नाही. चूक माझ्या फडक्याची होती, एवढंच कळत होतं. कोर मिटली. सरांचं बोट टिंब-शेपटावर गेलं.

“सर, थांबा. तिथे नाही. दुसरी चौकट पुढे आली आहे.”

तो आवाज माझा होता. जिन्यात ऐकू जाईल एवढा. माझा मलाच तो ओळखू आला नाही. सरांचा हात एंटरच्या वर थांबला. आणि त्यांनी मान वळवली, समोरच्या पडद्याकडे नाही, माझ्या आवाजाकडे. पडदा त्यांच्या नाकासमोर हातभर अंतरावर होता. ते शेठनी पाहिलं, सुनेने पाहिलं.

मग शेठनी सरांच्या कानाजवळून हात हळूच पुढे नेला, हलवत. सर म्हणाले, “बाजूने नका हलवू शेठ. समोर आणा, मग दिसेल थोडा.” आणि अंगठा आणि बोट जुळवून त्यांनी एक लहानसं भोक करून दाखवलं. “एवढं दिसतं.”

“पहले बोलना था ना, साईं,” शेठ म्हणाले. त्यांचा आवाज एकदम उतरला होता.

“बोललो असतो तर काम दिलं असतं?”

शेठनी नजर चहाच्या कपाकडे वळवली. ते फटकळ होते, पण खोटं बोलणारे नव्हते. सुनेने पुढे होऊन संदेशातली ती ओळ पुसली, पापडाचं पान वर आणलं, टाइप करायची खूण बरोबर जागी नेली आणि म्हणाली, “आता करा सर. मी बघते.” सरांनी ओळ टाइप केली. या वेळी एंटर जोरात मारलं नाही. सुनेने पाकिटांची ती छोटी चौकट चार वेळा उघडून बंद केली, ऑर्डर दाबली. एकच पाकीट.

जाताना ती जिन्यात माझ्यापाशी थांबली. म्हणाली, ती ओळ मीच आत टाकली होती, सरांना कळलं होतं का? मी परत माझ्या नेहमीच्या आवाजात सांगितलं की सरांना सगळं पाठ असतं. ती खाली उतरून गेली. पुढे काही महिन्यांनी तिने वेबसाइट नव्याने केली आणि पापडाचं काम आमच्याकडून गेलं. पण तेवढे महिने ती अडलं की फोन सरांनाच करायची.

त्या दिवशी सर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. फेऱ्याही मारल्या नाहीत. खिडकीत उभे होते, मी निघाले तरी. घरी मला काही सुचेना. भाकऱ्या करपल्या. नवऱ्याने काय झालं विचारलं तर काही नाही म्हटलं. एवढी वर्षं जपलेली गोष्ट माझ्या तोंडाने गेली, आणि तीही माझ्याच चुकीपायी. उद्या येऊ नका म्हणतील, आणि ते बरोबरच असेल. सकाळी रिक्षा लगेच मिळत होती तरी मी मुद्दाम दोन सोडल्या. कॅम्प चारला उतरूनही इस्त्रीवाल्याच्या टपरीशी उगाच उभी राहिले. मग गेले.

सर जिन्यातच होते, वरच्या पायरीवर. माझी पावलं त्यांनी ओळखली. मी वाट बघत होते की गुडघे कसे आहेत विचारतील. नाही विचारलं.

“ताई, तुमचं वय काय हो?”

मला काही कळेना. मी सांगितलं, चौतीस.

सरांनी चष्मा काढला. मग भिंतीला टेकले आणि हसायला लागले, आवाज न करता. म्हणाले, “मी इतके दिवस समजत होतो तुम्ही सत्तरीच्या आहात. ते पुटपुटणं, ते हळूहळू बोलणं. तुमचा चेहरा मला कधी धड दिसलाच नाही. काल ऐकलं तेव्हा वाटलं, खोलीत ही दुसरी बाई कोण आली?”

मी तिथेच उभी राहिले. रोजची गुडघ्यांची चौकशी, ती खुर्ची, आणि या वयात नको म्हणून खांद्यावर टाकलेले पाण्याचे जार. तेही दोन जिने चढून.

“पाण्याचा जार खाली आलाय,” सर म्हणाले. “तुम्हीच आणा. माझ्या कंबरेची वाट लागली आहे.”

मी जार आणला. जड होता, पण आणला. आत येऊन सवयीने दार लोटायला गेले तर ते म्हणाले, असू द्या उघडं. चहाचा कप ठरलेल्या कोपऱ्यावर ठेवला, हँडल दाराकडे. सर फेऱ्या मारायला लागले. सात पावलं, गर्रकन वळणं.

“वाचा ताई,” ते म्हणाले. “कालच्या आवाजात.”

मी पदराने हात पुसले, खुर्चीवर नीट बसले आणि पहिली ओळ मोठ्याने वाचली. साप. कोर. जिन्यातून खालचा मास्टर टेलर ओरडून विचारत होता की ऊपर कौन आयी है. सर दारापर्यंत गेले आणि त्यांनी खाली सांगितलं की कोणी नवीन नाही, आमच्या ताईच आहेत.